पतंग पाण्यावर, पोरी पाण्यात

रोज एकाच पाण्यात उतरणाऱ्या माणसांचे किस्से पाण्यासारखे वाहून जात नाहीत, गाळासारखे साचतात! जानेफळजवळच्या धरणावर आम्ही संध्याकाळी पोहायला जातो. मी रिटायर्ड मास्तर. शकीलभाई, डोणगावात त्यांचं बियाण्याचं दुकान. आणि संघमित्राताई, सरकारी दवाखान्यात नर्स. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातल्या पोरींना पोहणं शिकवतात. गेल्या मे महिन्यातले हे किस्से. लोक ऐकून हसतात. मला मात्र अजून संताप येतो.

*

धरण निम्मं आटलेलं. कडेला गाळ, मधे खोल पाणी. पोहण्याजोगा एकच कोपरा उरलेला. तिथंच एका बियाणं कंपनीनं जाहिरातीसाठी पुण्याहून एक पोरगा आणला. विक्रांत त्याचं नाव. पायाखाली फळी, कमरेला दोऱ्या आणि डोक्यावर खोलीएवढा पतंग! वारा भरला की पोरगा पाण्यावरून सुसाट. पतंगावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, ‘अळीला प्रवेश नाही’.

आदल्या हंगामात याच कंपनीच्या बीटी कपाशीची बोंडं गुलाबी अळीनं पोखरली होती. काठावर बकऱ्या घेऊन उभे असलेले आमचे सुभानराव वर बघत म्हणाले, "काऊन हो मास्तर, अळीले वाचता येत नसन काय?"

*

दुसऱ्याच दिवशी पतंग गोता खाऊन आमच्या कोपऱ्यात पडला. दोरी शकीलभाईंच्या खांद्याला घासून गेली. कातडी सोलली, रक्त आलं. कंपनीचा साहेब काठावरून ओरडला, "काका, लाइफ जॅकेट घालत जा ना!"

शकीलभाई तसेच ओले त्याच्यासमोर उभे राहिले. "म्या पोहून राह्यलो, तू पाडून राह्यला. अन् जॅकेट मले?"

वरून त्यांच्या दुकानात याच साहेबाच्या कंपनीचं बियाणं! सकाळी गिऱ्हाइकांच्या शिव्या खायच्या, संध्याकाळी दोरीचा फटका.

*

मी आणि ताई बुलढाण्याला गेलो तक्रार द्यायला. एका कार्यालयात म्हणाले, "पतंग हवेत आहे. आमच्याकडं फक्त पाणी." दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, "माणूस पाण्यात आहे. आमच्याकडं फक्त काठ."

ताई उठल्या. "साहेब, पोरगी बुडाली तर ती कोनाकडं येते, तेवढं सांगून ठेवा!"

तिथल्या साहेबांनी चहा मागवला. आम्ही तो न पिता परत आलो.

*

मग ताईंनी स्वतःच तेलाचे रिकामे डबे दोरीला बांधून पाण्यात हद्द आखली. अलीकडं पोरी, पलीकडं पतंग. विक्रांतनं ते मान्यही केलं. "मला सांगितलं होतं, इथं कोणी पोहतच नाही," तो म्हणाला. त्यानंतर तो लांबून पाण्यात उतरायचा, पोरी दिसल्या की वळायचा. पोरगा वाईट नव्हता.

पण डबे जाहिरातीच्या व्हिडिओत येतात म्हणून कंपनीच्या साहेबानं दोरी कापून टाकली. "उद्या मोठा कार्यक्रम आहे. एक दिवस पोरी नाही पोहल्या तर काय बिघडतं?"

ताई एवढंच बोलल्या, "आमचं पानी हाये. आमी येऊ."

*

कार्यक्रमाच्या दिवशी काठावर मंडप, खुर्च्या, माइक. शेतकरी गाड्या भरून आणलेले. पोरी ताईंबरोबर कोपऱ्यात पोहत होत्या. साहेबानं माइकवरून त्यांना तीनदा बाहेर बोलावलं. एकही हलली नाही. त्यांना टाळून विक्रांत मधोमध, खोल पाण्यावर गेला.

"बघा मंडळी! आमच्या बियाण्यासारखाच भरवशाचा!" साहेब गरजला.

आणि वारा पडला.

पतंग पाण्यावर आपटला. दोऱ्या विक्रांतच्या पायांना गुंडाळल्या. त्याचं डोकं खाली गेलं, वर आलं, परत खाली गेलं. ताई झेपावल्या. त्यांच्यामागं शकीलभाईंची नात सना, कॉलेजात जाणारी. काठावर सगळे नुसते उभे. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. ताईंनी दोऱ्या सोडवताच पतंग पलीकडं वाहत निघाला.

माइक चालूच होता. "अहो, पतंग धरा! पतंग! फार महाग आहे तो!"

ताईंनी आणि सनानं विक्रांतला काखेत धरून ओढत काठावर आणलं. तो चिखलात पालथा पडून पाणी ओकत होता. साहेब धावत आला, त्याला ओलांडून पाण्याच्या कडेला गेला आणि सनावर खेकसला, "पतंग कुठाय?"

सनानं धापा टाकत केस मागं सारले.

"पतंग गेला, साहेब. मानूस आनला. चालते काय?"