सासूबाईंच्या हातची आमटी

सासूबाई गेल्या तेव्हा मी त्यांच्यासाठी दवाखान्यात न्यायची मऊ खिचडी शिजवत होते. ह्यांचा फोन आला, "आई गेली गं..." मी गॅस बंद केला. रडू आलं नाही. आता इतक्या आठवड्यांनी खोटं कशाला लिहू?

मुकुंदवाडीतल्या आमच्या घरची येसराची आमटी साऱ्या नात्यात गाजलेली. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ आणि मसाले भाजून दळलेलं येसर आमच्याकडं घरोघरी असतं, पण नाव होतं ते सासूबाईंचं. माझ्या लग्नानंतर वर्षभरातच त्यांचे गुडघे गेले. भाजणं, दळणं, फोडणी सगळं माझ्याकडं आलं, नाव तेवढं त्यांनी स्वतःकडं ठेवलं. पाहुणे यायच्या जरा आधी म्हणायच्या, "जा, तोंड धू, साडी बदल. असं चारचौघांत येऊ नाय." मी बाहेर येईपर्यंत त्या पळी घेऊन पातेल्यापाशी खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या आणि पदरानं कपाळ पुसायच्या, तेही कोरडं. कौतुक वाढणाऱ्या हाताचं होतं, रांधणाऱ्याचं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जीभ मात्र खरी. आमटी जमली की माझ्याशी एक अक्षर बोलायच्या नाहीत, निमूट दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या.

एकदा कन्नडहून माझे वडील आले. वाटीवर वाटी आमटी प्यायले आणि हात धुताना म्हणाले, "विहीणबाई, लई झकास. आमच्या पोरीलाबी जरा शिकवा." मी बोलणार, तेवढ्यात ह्यांनी डोळ्यांनी दटावलं. सासूबाई माझ्याकडं बघत म्हणाल्या, "शिकवते की. पर हात बसाया वेळ लागतो." वडील मला म्हणाले, "ध्यान देत जा गं." पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. आपल्या लेकीला स्वयंपाक येत नाही, हेच मनात घेऊन गेले... त्या एका वाक्यासाठी मी सासूबाईंना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

तेराव्यालाही आमटी मीच केली. चितेगावच्या माझ्या नणंदेनं पहिला भुरका घेतला आणि वाटी बाजूला सारली. "आईची चव आईसंगं गेली," म्हणत त्या रडायला लागल्या. बाकीच्या बायकांनीही डोळ्यांना पदर लावला. माझा तोल सुटला. म्हटलं, "वन्सं, तवाबी मीच करत होते."

"आता ती सांगाया नाय, म्हणून कायबी बोल," वन्सं म्हणाल्या.

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे खाली मान घालून भात कालवत राहिले.

निघताना वन्संनी फडताळातला येसराचा डबा उचलला. आईच्या हातचं शेवटचं म्हणून छातीशी धरून नेला. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असताना मीच ते दळून आणलं होतं. पण हे कोणाला सांगणार होते?

परवा वन्संचा फोन आला. आवाज भरलेला. "सुमन, डब्यातल्या येसराची आमटी केली. घास उतरंना बघ... हीच माझ्या आईची चव." मग जरा घुटमळून म्हणाल्या, "तिनं केलेलं अजून हाय का गं थोडं?"

संसारात माझ्या हाताला मिळालेली ही पहिली शाबासकी.

"हाय की," मी म्हणाले. "धाडते."

फोन ठेवला आणि बाजरी निवडायला बसले.