नळाला बांधलेली तार

मल्लय्या चिडले की आधी खाली बसत. बाकीची माणसं भांडायला उठतात, हे मांडी घालून बसायचे, धोतराचा सोगा सारखा करायचे आणि म्हणायचे, "बसा पंतुलु. लई बोलायचं हाय." पंतुलु म्हणजे तेलुगूत पंतोजी. त्यात आदर किती आणि टवाळी किती, हे मला कधीच कळलं नाही.

सोलापुरात साखर पेठेत त्यांचे दोन हातमाग होते, आणि त्यांच्याच बोळाच्या तोंडाशी असलेल्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. आमच्या सेक्रेटरींनी, ते पेशानं वकील, वाचनालयात रेडिओ आणायचं ठरवलं. संच आला, पण एरियल उभारायला कोणी मिळेना. मल्लय्यांनी तरुणपणी गिरणीच्या वीजखात्यात काम केलं होतं. दोन बांबू, तांब्याची तार आणि फुटक्या बाटल्यांच्या माना एवढ्यावर त्यांनी एरियल घरीच तयार केलं आणि आमच्या गच्चीवर चढवलं.

संध्याकाळी संच लावला. कलकत्ता अंधुक का होईना, पण आलं. मुंबईच्या खुणेवर मात्र काटा नेला की आवाज विहिरीत पडल्यासारखा नाहीसा व्हायचा. पुढे नेला की खरखर परत सुरू. ज्या मुंबईसाठी एवढा खटाटोप केला, नेमकी तीच गायब!

"अरे मल्लय्या, हे लुगडं विणण्याइतकं सोपं नाही," सेक्रेटरी म्हणाले. पन्नाशीच्या माणसाला अरे-तुरे! माझं डोकं तापलं. मल्लय्या एवढंच म्हणाले, "तार कदी चुकत न्हाय साहेब. बांधनारा चुकतो."

पुढचे आठ दिवस माग बंद ठेवून ते चूक शोधत होते. एरियलच्या तारेचं वेटोळं उलगडून पुन्हा गुंडाळलं. संचाची अर्थिंगची तार जमिनीत पुरली होती, तिच्याभोवती कोळसा आणि मीठ घातलं. बांबू हातभर उंच केले. मुंबई ढिम्म.

नवव्या दिवशी उन्हं कलताना काटा मुंबईवर ठेवून आम्ही दोघं तोंड पाडून बसलो होतो, आणि अचानक संचातून एका बाईचं गाणं खड्या आवाजात सुरू झालं. कोणी हात लावला नव्हता. मी संचाकडे पाहत राहिलो; मल्लय्या मात्र उठून बोळात धावले.

बोळात त्यांची मेहुणी नरसव्वा वाळलेलं सूत काढत होती. रंगवलेल्या सुताच्या लडी वाळवायला अख्ख्या बोळातून एक लांबलचक लोखंडी तार गेलेली होती. तिचं एक टोक पत्र्याच्या छपराला, दुसरं सार्वजनिक नळाला अडकवलेलं. लडी तारेत ओवलेल्या असत, म्हणून त्या काढायच्या तर नळाकडचं टोक सोडावंच लागे. नरसव्वानं ते नुकतंच सोडलं होतं. मल्लय्यांनी तिला ते परत लावायला सांगितलं. गाणं बंद! सोडायला सांगितलं. गाणं सुरू! असं चार वेळा झालं. तिच्या लडी मातीत लोळायला लागल्या, तेव्हा ती तेलुगूत काय काय बोलली, ते मला न समजलेलंच बरं.

"दोन माग एका ठेक्यात पडले की भिंत हालते, बघितलं हाय की?" मल्लय्या मला म्हणाले. "तसं हाय हे. पत्रा, तार आन् नळ मिळून मुंबईचाच ठेका धरतात. सगळं तितंच जातं. आपल्या एरियलला काय उरत न्हाय."

सेक्रेटरींना हे कळताच ते म्हणाले, "मग तोडून टाका ती तार. मी म्युनिसिपालिटीला आजच लिहितो." बोळातल्या सगळ्या घरांचं सूत त्या तारेवर वाळत होतं, आणि यांना संध्याकाळचं गाणं हवं होतं! मल्लय्या नळाच्या कट्ट्यावर मांडी घालून बसले.

"बसा वकीलसाहेब. तार तोडली तर सूत कुटं वाळवायचं? तुमच्या टेबलावर?"

बोळ जमा झाला. मग सगळ्यांसमोर ते म्हणाले, "पयले हितं लाकडी खांब व्हता. वाळवीनं खाल्ला, म्हून तार मीच नळाला बांधली. चूक माझी हाय. तारेला हात लावू नका." काचेतून वीज जात नाही, म्हणून त्यांनी तार आणि नळ यांच्यामध्ये एका बाटलीची मान बांधली. दहा मिनिटांचं काम. सूत तारेवर राहिलं आणि मुंबई संचात आली.

रेडिओच्या उद्घाटनाला वाचायच्या आभारांची यादी मी लिहिली, त्यात मल्लय्यांचं नाव पहिलं. सेक्रेटरींनी त्यावर रेघ मारली. "त्याचीच चूक, त्यानंच निस्तरली. तो स्वतःच म्हणाला ना? मग आभार कसले?"

मल्लय्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी ही रेघ आठवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माणसानं चारचौघांत चूक कबूल करावी, आणि तीच कबुली त्याच्या गळ्यात धोंडा म्हणून बांधावी! संच विकणाऱ्या दुकानदाराचे आभार मानले. खुर्च्या देणाऱ्याचे मानले. हारवाल्याचेसुद्धा मानले. नोकरी जाईल या भीतीनं मी चकार शब्द काढला नाही. उलट ती यादी मीच उभा राहून खणखणीत वाचली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. ते मागावर होते. मी म्हणालो, "मल्लय्या, मी तुमचं नाव लिहिलं होतं हो. त्यांनी खोडलं."

त्यांनी धोटा थांबवला. "वाचलं कोन?"

"मी."

"मी भायेर हुबा व्हतो की, पंतुलु," ते म्हणाले. "लई स्वच्छ ऐकू आलं."