खंडेनवमीचं लिंबू आणि आमच्या ह्यांचं विमान

जेवायला कधी येताय असं विचारलं की आमचे हे म्हणतात, "टायरातली हवा बघतो आणि येतो." ज्या विमानाचं इंजिन कधीच काढून घेतलंय, ज्याला जन्मात आता कुठं जायचं नाही, त्याच्या टायरात हवा असली काय आणि नसली काय! पण हे ऐकतील तर शपथ. सायकलचा पंप पुरत नाही म्हणून पंक्चरवाल्याचा जुना कंप्रेसर विकत घेतला आणि तो ठेवला कुठं, तर देवघराच्या भिंतीला लागून. मी महादेवाला बेल वाहते आणि शेजारी कंप्रेसर ग्रीसचा वास सोडत बसलेला. देवानंसुद्धा किती सहन करायचं?

ह्यांचं नाव चनबसप्पा. सगळे अप्पाच म्हणतात. मी नाव घेतलं ते लग्नात, उखाण्यात, तेवढंच. गाव अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे घरात कानडी, शाळेत मराठी आणि हवाई दलात गेल्यावर हिंदी. चिडले की तिन्ही भाषा एकदम बाहेर येतात आणि समोरच्याला नेमकं काय झालं तेच कळत नाही.

मिसरूड फुटायच्या आत भरती झाले. मी वैरागची. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडलांनी अख्ख्या बाजारपेठेत सांगितलं होतं, जावई विमानात असतो. अंबाल्याला संसार मांडल्यावर मला कळलं, जावई विमानात नाही, विमानाखाली असतो. पत्रा, चाकं, ब्रेक हे ह्यांचं काम. कपडे धुऊन धुऊन माझे हात गेले, पण तेलाचे डाग काही गेले नाहीत. विमानाचं नाव नॅट. लढाऊ विमान, पण इतकं लहान की शेजारी उसाची ट्रॉली उभी केली तर ट्रॉलीच मोठी दिसावी. पासष्ट आणि एकाहत्तरच्या लढाईत ह्या जातीच्या विमानांनी मोठं नाव काढलं. हे भरती झाले तोवर लढाई संपली होती. ते ह्यांचं कायमचं दुखणं.

नोकरी संपली, मग सोलापूरला येऊन चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात मशिनी सांभाळल्या, तीही नोकरी संपली. मी म्हटलं, चला, आता घरात बसतील, मला भाजी तरी निवडून देतील. तेवढ्यात शहराबाहेर एका ट्रस्टनं विमानांचं छोटं संग्रहालय काढलं आणि ट्रेलरवर घालून एक नॅट आणलं. धड वेगळं, पंख वेगळे. हे नुसतं बघायला म्हणून गेले, ते जोडूनच परत आले. तेव्हापासून घरात असतात ते फक्त अंगानं.

तिथं बसून ह्यांचा जीव सुखात असता तरी मी काही बोलले नसते. पण लोक! लोक येतात आणि पहिलं वाक्य तेच, "एवढंसंच?" कुणी विचारतं, हे पिल्लू आहे का, मोठं कुठं ठेवलंय? लग्न ठरलेली पोरं फोटो काढायला येतात आणि नवरीला उचलून पंखावर बसवतात. कुणी खिळ्यानं पत्र्यावर 'सोनम' लिहून गेलं, तर हे कापसानं ते 'सोनम' घासत दिवसभर बसले. एका गुरुजींनी सहल आणली आणि विचारलं, "अप्पा, तुम्ही शत्रूची किती विमानं पाडली?"

"मी पाडली नाहीत. आपली पडू दिली नाहीत."

"म्हणजे एकही नाही?" गुरुजी म्हणाले. त्या दिवशी ह्यांनी घरी येऊन भाकरीशी भांडण केलं.

यंदा नवरात्राच्या तोंडावर ट्रस्टचे सेक्रेटरी श्रीमंतराव घरी आले. चादरींचा कारखाना आहे त्यांचा. माणूस वाईट नाही, पण त्यांना प्रत्येक गोष्टीत सोहळा लागतो. म्हणाले, "अप्पा, हवाई दलाची माणसं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणारेत. विमान त्यांचंच, आपल्याकडं नुसतं ठेवायला दिलेलं. नीट ठेवलेलं दिसलं तर राहील, नाहीतर दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयात नेणार म्हणतात."

ह्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. ते गेल्यावरही कप उचलला नाही. मी म्हटलं, "अहो, चहा." तर म्हणाले, "नेतील का गं?"

इतक्या वर्षांत ह्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. मला राग यायचा त्या विमानाचा, आजही येतो. पण नेलं तर हा माणूस सकाळी उठून जाणार कुठं, हे मला दिसत होतं. मी सिद्धेश्वराला नुसते हात जोडले. नवस वगैरे बोलले नाही. लहानसहान गोष्टींसाठी देवाला बांधून घेऊ नये असं मला वाटतं.

मग घासणं सुरू झालं. आमच्याकडं नवरात्राआधी घराचा दसरा काढतात, सगळी भांडी, अंथरुणं-पांघरुणं बाहेर काढून धुतात. माझ्या घराचा दसरा मी एकटीनं काढला. ह्यांनी विमानाचा काढला. माझ्या जुन्या सुती साड्या पुसायला नेल्या. चाकं खोलली, आतलं ग्रीस बदललं, परत बसवली. "बोटानं ढकललं तरी फिरंल," असं घरी येऊन मला सांगितलं. मी म्हटलं, फिरून जाणार कुठं? तर तसेच उठून परत विमानाकडं गेले.

खंडेनवमीला श्रीमंतरावांनी पूजा काढली. आता खंडेनवमीला सोलापुरात माग पुजतात, रिक्षा पुजतात, पिठाची गिरणी पुजतात, तर विमान का नको? मलाही ते बरोबरच वाटलं. ह्यांनी अटी घातल्या: पत्र्याला कुंकू लावायचं नाही, नारळ लांब फोडायचा, हळदीचं पाणी शिंपडायचं नाही. श्रीमंतराव सगळ्याला हो म्हणाले. जो माणूस सगळ्याला हो म्हणतो त्याच्यावर नजर ठेवावी, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

पूजा झाली. मी आरती केली, हार घातला, पेढे वाटले. श्रीमंतराव म्हणाले, "अप्पा, तुमची ती हवाई दलाची टोपी घालून या की. विमानाजवळ फोटो काढू." हे टोपी आणायला स्कूटरवरून घरी गेले. आणि हे फाटकाबाहेर पडतायत न पडतायत तोच श्रीमंतरावांनी पिशवीतून तीन लिंबं काढली आणि तिन्ही चाकांपुढं एकेक ठेवलं.

मी विचारलं, "हे काय भाऊजी?"

"वैनी, गाडीची पूजा म्हटल्यावर चाकाखाली लिंबू नको? परवा पाहणी हाय. दृष्ट जायला पाहिजे."

"अहो, गाडी पुढं जाते, लिंबू चिरडतं. हे विमान उभं आहे."

"मग जरा ढकलायचं. वीतभर."

"देवाला फूल पोचलं, दिवा पोचला. लिंबू चिरडलंच पाहिजे असं कुणी सांगितलं?"

"अर्धी पूजा ठेवू नये, वैनी." आणि कारखान्यातून आणलेल्या पोरांना म्हणाले, "चला बे, लावा हात."

तिकीट खिडकीवरची पूनम धावत बाहेर आली. "काका, अप्पांना विचारा की आधी! ते ठोकळे त्यांच्याशिवाय कुणी काढायचे न्हाईत!" तोवर चाकांपुढचे लाकडी ठोकळे काढून झालेसुद्धा होते. पोरांना वाटलं, इतक्या वर्षांचं जुनं विमान, जाम असणार, म्हणून त्यांनी खांदे लावून जोरात रेटा दिला.

आता दुसरीकडं कुठं जुनी विमानं ठेवलेली असतील, त्यांची टायरं बसलेली असतील, चाकं गंजलेली असतील. तिथं लिंबाला ओरखडासुद्धा आला नसता. पण हे आमच्या ह्यांचं विमान. चौथऱ्याला पावसाचं पाणी जावं म्हणून थोडा उतार दिलेला. विमान निघालं ते थांबेचना. "धरा! धरा बे!" श्रीमंतराव ओरडले. पण धरायचं कुठं? गुळगुळीत पत्रा. चौथऱ्यावरून खाली, क्रोटनच्या कुंपणातून आरपार, आणि पुढचं चाक पाण्याच्या गटारात. नाक पलीकडच्या कठड्याला टेकलं तसा ठण्णकन आवाज झाला. विमानाच्या गळ्यातला हार हलत राहिला.

कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. पूनम चौथऱ्यावर वाकून बघत म्हणाली, "लिंबं मात्र तिन्ही चिरडली, काकू."

मी तिला काही बोलणार, तोच फाटकातून हे आले. टोपी घालूनच आले होते. स्कूटर लावली, रिकामा चौथरा बघितला, मग गटाराकडं बघितलं. मला वाटलं आता तिन्ही भाषा निघणार. मी मनातून म्हणत होते, निघू दे, ओरडा, चांगले ओरडा ह्या श्रीमंतरावांवर. ह्यांनी मात्र टोपी काढली, माझ्या हातात दिली आणि नाकाजवळ जाऊन उकिडवे बसले. पत्र्याला पोचा आला होता, मोठ्या वाटीएवढा. त्यावरून बोट फिरवत राहिले.

श्रीमंतराव रडकुंडीला आले. "अप्पा, क्रेन मागवतो. आत्ता मागवतो."

"क्रेन नको. पट्ट्यानं पत्रा चेपंल." एवढंच.

"मग काढायचं कसं?"

ह्यांचं बोट अजून पोच्यावरच होतं. शेवटी मीच पूनमला म्हटलं, "आमच्या गल्लीतल्या नागप्पाला फोन लाव. त्याची पोरं घेऊन ये म्हणावं." नागप्पा सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज धरतो. तो उंच काठीचा भार कमरेवर घेऊन, तोल न जाऊ देता चालणारी पोरं आहेत ती. आणि मग श्रीमंतरावांकडं वळले. "भाऊजी, गोडाऊनमधल्या चादरी मागवा. खांद्यावर घ्यायला."

"जुन्या बघतो, वैनी."

"नव्या. जाड बघून."

"नव्या?" ते म्हणाले, पण माझ्याकडं बघून खिशातला फोन काढला.

नागप्पा आला, त्यानं गटार बघितलं, विमान बघितलं. "अप्पा, हे तर लई लहान हाय की!" म्हणाला. एरवी हे भडकले असते, पण त्या दिवशी ह्यांना त्याचंही काही वाटलं नाही. निम्मी पोरं शेपटाकडं गेली आणि पत्र्यावर चादरी टाकून भार देऊन खाली दाबू लागली. निम्म्यांनी घड्या घातलेल्या चादरी खांद्यावर घेतल्या आणि नाकाखाली वाकली. हे मधे उभे राहून हातानं सांगत होते, इथं धर, तिथं धरू नको. नागप्पानं सिद्धेश्वराचं नाव घेतलं, पोरांनी ओ दिली, आणि नाक वर आलं. हळूहळू, बाळंतिणीला धरून न्यावं तसं विमान परत चौथऱ्यावर गेलं. पाचपन्नास चादरी गटारातल्या शेवाळानं हिरव्यागार झाल्या. त्याबद्दल श्रीमंतराव काही बोलले नाहीत, ते शहाणपणच केलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हवाई दलाच्या मॅडम आल्या, बरोबर एक सार्जंट. श्रीमंतरावांनी पोच्यावर मोठा हार लटकवून ठेवला होता. ह्यांनी मॅडमच्या समोरच तो काढला आणि हिंदीत सगळं सांगितलं: लिंबू, रेटा, गटार. श्रीमंतराव चपलेकडं बघत होते. मॅडम हसल्या नाहीत. उलट ह्यांच्यावरच चिडल्या. प्रदर्शनातल्या विमानाची चाकं कधी मोकळी ठेवतात का? समोर एखादं लेकरू असतं तर?

बरोबरच बोलत होत्या त्या. मॅडम विमानाभोवती फिरल्या, वाकून चाकं बघितली, पत्र्यावर हात फिरवला. सार्जंटाशी काहीतरी बोलल्या. मग म्हणाल्या, विमान इथंच राहील, पण एका अटीवर. लोखंडी घोड्यांवर, म्हणजे उंच तिवयांवर चढवायचं, टायर जमिनीला टेकता कामा नये, आणि चाकं कायमची जाम करायची. ते जमत नसेल तर आम्ही घेऊन जातो.

हे चाकांकडं बघत राहिले. जणू काही ह्यात विचार करण्यासारखं आहे! श्रीमंतराव मागून मला खुणा करतायत, वैनी, सांगा की. मी कशाला सांगू? ज्याचं त्यानं ठरवावं.

"करतो," हे म्हणाले. "पण वेल्डर नको. मीच करतो."

घोडे तयार होऊन आले त्या दिवशी नागप्पाची पोरं परत आली, विमान उचललं, घोड्यांवर बसवलं. पोरं चहा पिऊन गेली. श्रीमंतराव चार वेळा "बरं झालं, बरं झालं" म्हणून गेले. जेवायची वेळ टळून गेली म्हणून मी डबा घेऊन तिकडंच गेले. बघते तर हे पान्हे पसरून पुढच्या चाकाशी बसलेले. जाम करायची लोखंडी पट्टी मांडीवर, आणि काम काही करत नाहीत.

"अहो, झालं का?"

ह्यांनी चाकाला हातानं एक गिरकी दिली. जमिनीला टेकलेलं नव्हतं ते, सुटलं आणि फिरायला लागलं. आवाज नाही काही नाही. मला वाटलं, आता थांबेल, मग थांबेल. भाकरी गार होत होती, उन्हात माझे पाय भाजत होते, खिडकीतून पूनम बघत होती.

"चला की आता," मी म्हटलं.

"थांब. फिरतंय अजून."

मग काय करणार? थांबले.