मी लिहिलेलं लेसन

सुरतेत गृहपाठाला लेसन म्हणतात. माझी मुलगी सहावीत होती तेव्हा लिंबायतच्या आमच्या गल्लीत तिच्या लेसनची कीर्ती होती. एक चूक नाही, सगळ्या रेघा पट्टीने मारलेल्या. शेजारणी आपल्या पोरांना दाखवायला तिची वही घेऊन जायच्या. मी खाली बघत म्हणायचे, "कसलं काय!" त्यांना तो माझा विनय वाटायचा.

लेसन मी लिहीत होते.

झालं असं, की आमच्याकडे साड्यांवर खडे चिकटवायचं काम यायचं. माझी बोटं जाड. खडा तिरका बसला की शेठ साडी परत पाठवायचा. पोरीची बोटं बारीक. एकदा घाईचं पार्सल आलं तेव्हा मी म्हटलं, "तू खडे लाव, मी तुझं लेसन उतरवते." मी खानदेशात मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. गुजराती अक्षरं तिच्याच पुस्तकात बघून गिरवली. मग ते रोजचंच झालं, आणि खोटं कशाला बोलू, मला आवडायलाही लागलं. अपूर्णांकांची बेरीज जमली की चहा निवून जायचा, मी पुढची मांडायचे.

"माय, कवितेखालचे प्रश्न राहिले हां," पोर साडीवरची नजर न काढता सांगायची. "बेन ओरडतील."

"कोणाला?"

"मलाच. तुला कोण ओरडतंय!"

बेन म्हणजे तिच्या वर्गाच्या बाई. पालकसभेत त्यांनी विचारलं, लेसन जास्त होतंय का? मला काय सुचलं कोण जाणे, उभी राहून म्हणाले, "कमीच होतंय. पोरं गल्लीत हिंडत असतात." दुसऱ्या दिवसापासून दुप्पट आलं. नवरा कारखान्यातून आला तरी मी लिहीतच होते. तो म्हणाला, "अजून राहा उभी सभेत." पोर इतकी हसली की खडे चिकटवायच्या गमची वाटी सांडली.

सहामाही परीक्षेत ती गणितात नापास झाली. बेननी दोघींना बोलावून घेतलं आणि लेसनमधलंच एक गणित फळ्यावर मांडलं. पोर खडू धरून नुसती उभी. उत्तर माझ्या ओठांवर.

"लेसन कुणाचं बघून उतरवतेस?"

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "वर्गातल्यांचं."

त्या वर्षी उरलेले सगळे दिवस बेननी तिला पुढच्या बाकावर एकटीला बसवलं. मी तोंड उघडलं नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मात्र तिच्या हातातली साडी काढून घेतली. मग ती स्वतः लिहू लागली. खाडाखोड, चुका. समोर बसून मी तिरके खडे लावायचे आणि चुका सांगायला जीव नुसता तडफडायचा. वर्षाच्या शेवटी ती काठावर पास झाली. लेसनने कुणाचं भलं होतं का, असं मला कुणी विचारलं तर माझं झालं. गल्लीतल्यांची गुजराती वीजबिलं अजून मीच वाचून देते.

मुलगी आता कॉलेजात आहे. परवा भाजी बाजारात बेन भेटल्या. "ही आपली कॉपीवाली ना?" त्या हसून म्हणाल्या. "वेळेवर पकडली म्हणून सुधारली!"

मुलगीही हसली. मीही नेहमीसारखी मेथी निवडण्याकडे वळणार होते.

"बेन, तिने कॉपी केली नव्हती," मी म्हटलं. "ते लेसन मी लिहायचे. तिला मी साड्यांवर खडे लावायला बसवायचे."

बेननी हातातली पिशवी खाली ठेवली. "आणि सभेत लेसन कमी होतंय म्हणाला होतात, ते तुम्हीच ना?"

"मीच."

"अक्षर सुंदर होतं हं," त्या म्हणाल्या. मग मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

रिक्षात मुलगी बाहेर बघत होती.

"इतला दिन लागनात तुले, माय?"

"लागले खरे."

"उशिरा दिलं की मार्क कापतात, माहीत आहे ना?"

"किती कापशील?"

"घरी जाऊन बघते," ती म्हणाली, आणि माझ्या हातातली मेथीची जुडी घेऊन आपल्या मांडीवर ठेवली.