वहिनीची कंबर आणि माझा पाय

वहिनी 'नको' म्हणाली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरच्यांची समजूत अशी, की जे झालं ते तिच्या मर्जीनंच झालं.

माझी ही थोरली वहिनी रोज सकाळी पडवीत उताणी पडून गुडघे पोटाशी घ्यायची. कंबरेतून निघालेली कळ तिच्या टाचेपर्यंत उतरायची, म्हणून दादानं तिला पुण्याच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या व्यायामाच्या बाईंनी तिला हे शिकवलं. आमच्या मुळशीत असलं कुणी पाहिलं नव्हतं. आई म्हणायची, "दिसाढवळ्या पाय वर करून पडती. सासरा हाय घरात, काय लाज?" वहिनी लुगडं घोट्याशी सुंभानं बांधायची आणि व्यायाम चालू ठेवायची.

हंडा उचलतानाही ती वाकत नसे. पाठ ताठ ठेवून उकिडवी बसायची, मग पायांच्या जोरावर उठायची. पाणवठ्यावर बाया हसत, "अंडी उबवतीस व्हय गं?"

"उबवतीया. पिल्लू निगालं की दावते."

हळूहळू कळ टाचेतून गुडघ्यापर्यंत मागं सरकली. "औंदा आवणीला न्हाई," ती म्हणायची, "पर पुढल्या साली तुमच्या म्होरं आसन."

आईला ती याच वर्षी भाताची रोपं लावायला खाचरात हवी होती. आणि मी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. पायाळूच्या लाथेनं आखडलेली कंबर सुटते म्हणून लोक माझ्यापुढं तेलकट पाठी उघड्या टाकत. नंतर सुपारी देत, माझ्या तळव्याला हात लावून नमस्कार करत. पंचविशीत मला ते गोड वाटायचं.

आईनं तिला उंबऱ्यावर पालथी झोपवली. शेजारणी जमल्या होत्या. मी पाय उचलला तशी ती मला एकट्यालाच ऐकू येईल असं म्हणाली, "भावजी, नको. बरं हुतंय मला."

चारचौघींत माघार घ्यायची मला लाज वाटली. मी लाथ मारली. नेहमीपेक्षा जोरात.

दुसऱ्या दिवशी तिच्या डाव्या पायाचा पंजा उचलेना. आई म्हणाली, "त्या पुण्याच्या कसरतीनं झालं हे." मी ते खपवून घेतलं.

वहिनीनं पडवीत पुन्हा चटई टाकली, पहिल्यापासून सुरू केलं. कळ गेली; पंजा मात्र शेवटपर्यंत फरफटत राहिला. ती मला एकदाच म्हणाली, "पाय तुमचा, भावजी, पर कंबर माजी हुती." आणि ताटात भात वाढला.

तिला जाऊनही आता काही वर्षं झाली. गावातल्या बाया अजून तिचं उदाहरण देऊन दवाखान्याचा व्यायाम टाळतात. ती व्यायामानं नाही, माझ्या लाथेनं लंगडी झाली. हे त्या बायांना त्याच पाणवठ्यावर जाऊन सांगणं माझ्याकडून राहिलेलं आहे.