आल्याच्या रसालाही परवानगी

रामल्यात ज्यांच्या वरच्या मजल्यावर मी संशोधनाची तीन वर्षं भाड्यानं काढली, त्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, मावशींना इस्रायलचं अख्खं सरकार वचकून असे, असं माझं प्रामाणिक मत आहे. मुंबई सोडून त्यांना तीस वर्षं झाली होती, जीभ मात्र भायखळ्याचीच राहिली होती. सरकारनं त्यांच्याकडे सांभाळायला दिलेली सात वर्षांची शीरा एकदा खोकत होती, म्हणून मावशींनी तिला आल्याचा रस चाटवला. समाजकल्याण खात्याच्या बाईंनी सुनावलं, "न विचारता औषध द्यायचं नाही." झालं! पोरीला उचकी लागली तरी मावशींचा फोन: "ऑफिसरबाई, पाणी पाजू, का पेपरवर साइन पायजे?" ऐन शुक्रवारी, शब्बाथच्या सुट्टीच्या तयारीत त्यांनी डोक्याला खोबरेल लावायची लेखी परवानगी मागितली, तेव्हापासून बाई म्हणे फोन उचलायलाच घाबरू लागल्या.

मग शाळेची तक्रार आली, शीरा वर्गात एका जागी बसत नाही. डॉक्टरांनी रोजची एक गोळी लिहून दिली. त्या गोळीसाठी मात्र जन्मदात्या आईची सही हवी होती. आई दूर दक्षिणेत ओफाकिम गावाला आणि तिचा फोन बंद. "तुम्हीच करा सही, कोण बघतंय?" डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, नियमांची एवढी टर उडवणाऱ्या मावशी लगेच पेन उचलतील. त्या ताडकन उठल्या. "डागदर, तिची आई जिती हाय. मी कोण साइन करणार?"

दुसऱ्या दिवशी मावशी, शीरा आणि डबा सांभाळायला मी, असे आम्ही बसनं ओफाकिमला गेलो. दार उघडणारी बाई तरुण आणि फार थकलेली होती. कागद तिनं दोनदा वाचला.

"दोन वर्षांत मला कुणी काही विचारलंच नाही," ती हिब्रूत म्हणाली. मग हळूच विचारलं, "गोळीनं हिचं हसू तर जाणार नाही ना?"

मावशी पहिल्यांदाच अडखळल्या. "तसं दिसलं तर डागदरच्या आधी तुला कळवीन."

आईनं सही केली, शेजारणीचा फोन नंबर दिला. दर शुक्रवारी मावशी तिला खबर देत. हळूहळू ती स्वतःच भेटायला येऊ लागली, आणि वर्षभरानं शीराला तिच्याकडे परत द्यायचं ठरलं. त्यासाठी मावशींची संमती लागत नव्हती. कुणी मागितलीही नाही. आई न्यायला आली, तशी "इमा!" अशी तिला हाक मारत शीरा फाटकाकडे धावली.

"बरी पळते," मावशी म्हणाल्या, आणि हात पुसत कितीतरी वेळ दारातच उभ्या राहिल्या.