मंगलच्या गोष्टीचा शेवट

मंगल गेल्याचा निरोप आला तेव्हा मी फळ्यासमोर उभी होते. बारामतीच्या आमच्या शाळेत आठवीचा तास चालू होता. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, कळसवरून फोन होता. मंगल कोळेकर म्हणून कोणी होत्या, त्या वारल्या. तुम्हाला कळवा म्हणालेत." कोणी होत्या... खडू हातात तसाच राहिला. मुलं वाट बघत होती म्हणून अर्धवट लिहिलेलं वाक्य मी पुरं केलं आणि मग खुर्चीत बसले. कावीळ झाली होती, ती तिनं अंगावर काढली आणि आठवड्यात सगळं संपलं, हे नंतर तिच्या भावाकडून कळलं. पस्तिशीही पुरी झाली नव्हती. आज दीड महिना होऊन गेला. तिच्याविषयी लिहायला बसते आणि दर वेळी पहिल्याच ओळीपाशी अडते. कारण मंगलविषयी खरं लिहायचं तर मला माझ्याविषयीही खरं लिहावं लागणार, आणि त्याला मी फार भीत आले आहे.

आमची ओळख वालचंदनगरची. माझे यजमान तिथं नोकरीला होते, आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो आणि दुपारचे दोन-तीन तास मी तिथल्या एका छोट्या वाचनालयात बसायची. नव्वद-एक्क्याण्णवचा सुमार असेल. एक दिवस निळ्या काठाचं साधं पातळ नेसलेली एक मुलगी आली, टेबलावरची मासिकं ओढून घेतली आणि प्रत्येकाचं शेवटचं पान उघडून काहीतरी उतरवून घ्यायला लागली. मी विचारलं, "पुस्तक नको का?" मान वर न करता ती म्हणाली, "न्हाय. पत्ते पायजेत." गोष्टी कुठं पाठवायच्या त्याचे पत्ते. तिच्या पिशवीत तेव्हाच चार गोष्टी लिहून तयार होत्या. वहीची फाडलेली पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. संपादक मंडळी एकाच बाजूला लिहिलेलं मागतात हे मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "आन् दुसरी बाजू वाया?"

मंगल कळसच्या अंगणवाडीत शिकवायची. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. आजोबांच्या काळापर्यंत वर्षातले आठ महिने कळपामागं फिरणं असायचं. पुढं पाणी आलं, भाऊ शेतीत रमले, पण वडलांनी, म्हणजे आबांनी, पंधरा-वीस मेंढरं ठेवलीच होती. बारावी झाल्यावर मंगलचं लग्न झालं आणि दोन वर्षांत सासरहून निरोप आला की पोरीला घेऊन जा. का, ते तिनं मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गावात मात्र तिची ओळख तेवढीच उरली होती... कोळेकरांची माघारी आलेली.

त्या दिवसांत गोष्ट पाठवायची तर सोबत तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट जोडावं लागे. नापसंत झाली की त्याच पाकिटातून परत. म्हणजे आपल्याच अक्षरातलं पाकीट एक दिवस आपल्याच दारात येऊन पडायचं. कळसला टपाल पाराजवळच्या दुकानात ठेवलं जाई आणि मंगल ते घ्यायला गेली की बसलेल्यांतलं कोणीतरी म्हणायचंच, "मंगे, तुझं आलं गं माघारी." ते शब्द तिला दुहेरी लागायचे. म्हणून पुढं तिनं पाकिटावर माझ्या क्वार्टरचा पत्ता घालायला सुरुवात केली. तेव्हापासून ती पाकिटं माझ्या हातात पडू लागली. जाडीवरूनच कळायचं. पसंतीचं पत्र पातळ असतं म्हणतात. मी तिच्या नावाचं पातळ पाकीट कधी पाहिलं नाही.

दर पंधरा दिवसांनी ती यायची. मी पाकीट पुढं ठेवायची, ती ते उलटं करून मांडीवर ठेवायची आणि चहा पिता पिता भलतंच काहीतरी बोलत राहायची. अंगणवाडीतल्या पोरांचं, व्यालेल्या मेंढीचं. मग कप विसळून ठेवायची आणि विचारायची, "ताई, इस्त्री रिकामी हाय का?" पहिल्यांदा मला वाटलं, हिला साडीला इस्त्री करायची आहे. तिनं पाकीट फोडलं, आतली 'साभार परत'ची चिठ्ठी न वाचता बाजूला ठेवली, गोष्टीची पानं उलगडून सतरंजीवर मांडली, वर ओलसर फडकं घातलं आणि एकेका पानावरून हलक्या हातानं इस्त्री फिरवायला लागली. मी बघतच राहिले.

"घडी मोडाय पायजे," ती म्हणाली. "घडी ऱ्हायली की पुढच्याला कळतंय, ही आधी कुठंतरी जाऊन माघारी आलीय. मग तो वाचायच्या आधीच नाक मुरडतोय. माणसाचं बी तसंच असतंय की."

आणि हसली. माझ्या घरभर गरम कागदाचा वास भरला होता. संध्याकाळच्या एसटीला जाताना तीच गोष्ट दुसऱ्या पत्त्यावर पोस्टात पडली.

ती खचली नाही असं मी म्हणणार नाही. वर्तमानपत्रातून अशा माणसांविषयी वाचताना वाटतं, ही जिद्दीनं पेटलेली असतात. मंगल तशी नव्हती. एकदा एकाच आठवड्यात तीन पाकिटं आली. तिन्ही तिनं पिशवीत टाकली, इस्त्री मागितली नाही. "बास झालं ताई. मला येत न्हाय म्हणायचं आन् गप बसायचं." त्यानंतर चार महिने ती फिरकली नाही. मीच एकदा कळसला गेले तर अंगणवाडीच्या दारात बसून खडूनं पाटीवर बारीक अक्षरात काहीतरी लिहीत होती. मला बघून पाटी पुसली. म्हणाली, "न्हाय लिवलं की पोरांवर वरडती मी. बारकी पोरं, त्यांचा काय दोष? त्यापरीस लिवलेलं बरं." पुढच्या पंधरवड्यात ती इस्त्री मागायला हजर.

पंच्याण्णवच्या आसपास आम्ही बारामतीला आलो. मला शाळेत नोकरी लागली. माझ्या दोन-तीन गोष्टी तोवर छापून आल्या होत्या आणि तेवढ्या भांडवलावर इथल्या एका दिवाळी अंकवाल्यांनी आलेल्या कथा आधी चाळून द्यायचं काम माझ्याकडे दिलं. चाळून... शब्द बरोबर होता. परीक्षांचे पेपर तपासायचे होते, घरात सासूबाई आजारी, आणि साठ-सत्तर कथांचा गठ्ठा टेबलावर. त्यात टाईप केलेली एक गोष्ट होती, लेखिका सौ. यमुना अमुक, पत्ता कळंबचा. सासरहून माघारी येणाऱ्या मुलीची गोष्ट. पहिली तीन पानं वाचली. वाटलं, हा विषय किती वेळा वाचायचा. चौथं पान मी उलटलं नाही. छापील चिठ्ठीवर, काहीतरी लिहायला हवं म्हणून, माझ्या हातानं लिहिलं, "अनुभव खरा वाटतो, पण कथेला अजून वेळ द्यावा." आणि पाकीट बंद केलं. त्या पानांना एकही घडी नव्हती, पाठवताना ती मोठ्या लिफाफ्यात सपाट ठेवली होती. परत करताना ती घडी मी घातली.

महिन्याभरानं मंगल बारामतीला आली. चहा झाला. मग तिनं पिशवीतून पाकीट काढलं, चिठ्ठी माझ्यापुढं ठेवली. अक्षर माझं होतं.

"यमुना म्हंजी माझी मावशी," ती म्हणाली. "कळंबला असती. तुमी रागावू नका. माझं नाव बघितलं असतं तर तुमी पास केलं असतं, मला ठावं हाय. मला खरं पायजे होतं. इंदापूरला कचेरीपाशी टाईप करून घेतली, अक्षर वळखू नये म्हणून."

रागाचा लवलेश नव्हता तिच्या बोलण्यात. उलट एक प्रकारची उत्सुकता होती. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिची गोष्ट छापील चिठ्ठीपलीकडे जाऊन परत केली होती. ती पुढं सरकून बसली. "आता खरं सांगा. शेवट कसा वाटला?"

त्या क्षणी मी म्हणू शकले असते की मंगल, मी शेवटपर्यंत गेलेच नाही. ती काय म्हणाली असती? कदाचित हसली असती. कदाचित उठून गेली असती. पण मी शिक्षिका होते, छापून आलेली लेखिका होते, तिची ताई होते... मी म्हणाले, "शेवट जरा घाईत झालाय गं."

तिनं मान डोलावली. दोन-तीनदा डोलावली. "व्हय. मला बी वाटलं हुतं," म्हणाली. आणि त्या दिवशी तिनं इस्त्री मागितली नाही.

त्यानंतरची तीन वर्षं ती एकच गोष्ट लिहीत राहिली. नव्या गोष्टी थांबल्या. भेटली की म्हणायची, "शेवट जमना झालाय ताई. पर येतोय, येतोय." मी दर वेळी मनात ठरवायची की आज सांगायचं. शेवटची भेट बारामतीच्या स्टँडवर झाली. इंदापूरची गाडी लागलेली, ती खिडकीत बसलेली, डोळे मला जरा पिवळट वाटले, पण उन्हामुळं असतील असं वाटलं. खिडकीतून वाकून म्हणाली, "आता लांबवलाय शेवट. तुमी म्हनला व्हता तसा." गाडी सुरू झाली. मी हात केला.

तेराव्यानंतर मी कळसला गेले. दुपारची वेळ. आबा पडवीत बसले होते, घोंगडी खांद्यावर, समोर दोन मेंढ्या बांधलेल्या. मंगलच्या भावानं तिची पत्र्याची पेटी माझ्यापुढं आणून ठेवली. "ताई, हे कागद तुमीच न्या. हितं कुणाला काय कळतंय." पेटीत ती गोष्ट होती. टाईप केलेली मूळ प्रत आणि मागं सुतळीनं बांधलेले शेवट. मी मोजले नाहीत. एकात नवरा न्यायला येतो. एकात मुलगी पंचांपुढं मोठं बोलते. एकात ती शहरात जाऊन शिकते. जसजसं पुढं जावं तसतशी माणसं जास्त बोलत होती, आणि मंगलचं अक्षर बारीक होत गेलं होतं.

आबा म्हणाले, "मला समदे वाचून दावायची ती. मी म्हनायचो, पोरी, पयलाच बरा हाय. तर म्हनायची, न्हाय आबा, बारामतीच्या ताई म्हनत्यात घाईत झालाय. त्यांला कळतंय."

त्यांना माझ्यावर ठपका ठेवायचा नव्हता. ते नुसतं सांगत होते. मला पडवीतलं ऊन एकाएकी सोसेना.

"आबा," मी म्हणाले, "मी ती गोष्ट पुरी वाचलीच नव्हती. तीन पानं वाचली आणि परत केली. शेवट घाईत झाला, हे मी उगीच म्हणाले."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मेंढीनं दोरीला हिसका दिला, त्यांनी दोरी जवळ ओढून घेतली. मग म्हणाले, "मग आता वाचा की."

मी मनात वाचायला लागले तर म्हणाले, "मोठ्यानं."

मी वाचली. मुलीला आणायला बाप एकटा जात नाही, मेंढरं घेऊन जातो, कारण त्यांना मागं ठेवायला कोणी नसतं. परतीच्या वाटेवर बापलेक एक शब्द बोलत नाहीत. वाटेत एक मेंढी विते. गाव दिसायला लागतं तशी मुलीची पावलं जड होतात. आता लोक बघणार. बाप थांबतो. घोंगडीतलं ओलं कोकरू काढून तिच्या हातांत देतो, म्हणतो, "धर." आणि पुढं चालू लागतो. हात भरलेले, म्हणून तिला तोंडावर पदर ओढता येत नाही. तशीच, उघड्या तोंडानं ती गावात शिरते. संपली गोष्ट.

आबा खाली बघत होते. "कोकराचा रंग लिवलाय का तिनं?"

"पांढरं. एका कानावर काळा ठिपका."

"व्हय," ते म्हणाले. "तसंच व्हतं."

त्या अंकाच्या संपादकांकडे मी गोष्ट घेऊन गेले आणि झालं ते सगळं सांगितलं. ते म्हणाले, हे सांगायची काय गरज होती बाई, गोष्ट चांगली आहे, घेतली असती. या दिवाळीला ती येईल, मंगलच्या नावानं, पहिल्या शेवटासह. लोक मला म्हणतात, बघा, अखेर न्याय झाला. मला तसं वाटत नाही. ज्या हातांनी ती घडी मोडून पुन्हा सरळ केली असती ते हात आता नाहीत.

त्या दुपारी कळसहून निघण्यापूर्वी भावानं मला मंगल लिहायला बसायची ती जागा दाखवली. धान्याच्या पोत्यांशेजारचा कोपरा, वर एक बारका झरोका. मी तिथं बसून पाहिलं. समोर भिंतच होती, दुसरं काही नाही. उठताना मागं वळले, तर चुन्याच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल त्या उंचीला, खोबरेल तेलाचा एक गोल डाग होता. शब्द सुचेपर्यंत ती डोकं टेकून बसत असणार... वर्षानुवर्षं. भाऊ म्हणाला, "पाडव्याला घर सारवून चुना मारतो आमी दरसाल. पर आबा म्हनले, औंदा ही भिंत सोडा."